गरम पाण्याचा हिशेब: सोलर, हीट पंप की साधा गिझर?

थंडी सुरू झाली की मालेगाव, धुळे, नाशिक या पट्ट्यात घराघरांत गरम पाण्याचा प्रश्न उभा राहतो. जानेवारीच्या पहाटे पारा ८-१० अंशांपर्यंत खाली येतो. फजरच्या वुजूला, शाळेला निघालेल्या मुलांना आणि लूमच्या पाळीवर जाणाऱ्या कारागिराला एकाच वेळी गरम पाणी लागते. ते तापविण्यासाठी सर्वांच्या आधी उठते ती घरातली बाई. कुठे अजून लाकडाचा बंब पेटतो, कुठे बादलीत रॉड सोडला जातो, कुठे गॅसवर पातेले चढते, तर कुठे गिझर लागतो. महिनाअखेर विजेचे बिल हाती पडले की घरधनी कपाळाला हात लावतो.

अशा वेळी दुकानदार सांगतो, "सोलर बसवा, आयुष्यभर पाणी फुकट." शेजाऱ्याने बसविला म्हणून आपणही बसवितो. सुताच्या भावात किलोमागे एक रुपया कमी करण्यासाठी तासभर घासाघीस करणारा आपला व्यापारी ४० हजारांची टाकी मात्र अर्ध्या तासात घेऊन मोकळा होतो. माल चांगला असो वा वाईट, आधी हिशेब झाला पाहिजे. तो कसा करावा, यासाठी हा लेख.

एका बादलीची किंमत

पाणी तापविण्याचा हिशेब सोपा आहे. २० लिटरची एक बादली २० अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापवायला जवळजवळ अर्धा युनिट वीज लागते. गिझर कोणत्याही कंपनीचा असो, त्यात फार फरक पडत नाही. स्टार जास्त असलेल्या गिझरमध्ये साठविलेले पाणी उशिरा थंड होते एवढाच फायदा.

आता आठ माणसांचे एकत्र कुटुंब धरा. आंघोळ, वुजू, लहान मुले, भांडी असे सर्व मिळून हिवाळ्यात दिवसाला १२ बादल्या होतात. म्हणजे ६ युनिट रोज आणि १८० युनिट महिन्याला. हिवाळ्याचे चार महिने धरले तर ७२० युनिट झाले. पावसाळ्यात पाणी इतके थंड नसते, म्हणून रोजचे ४ युनिट धरू. त्या चार महिन्यांचे ४८० होतात. उन्हाळा सोडून द्या. वर्षाला एकूण १२०० युनिट झाले.

बिलातला शेवटचा टप्पा

इथे बहुतेक लोकांचा हिशेब चुकतो. बिलाच्या रकमेला युनिटांनी भागून जो सरासरी दर येतो, त्याने ते बचत मोजतात. आपल्या घरगुती बिलात पहिले १०० युनिट, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्पे असतात. प्रत्येक टप्प्याचा दर आधीच्या टप्प्यापेक्षा जास्त असतो. दिवे, पंखे, फ्रिज मिळून घरात १५० युनिट लागत असतील, तर गिझरचे १८० युनिट त्याच्या वर चढतात. म्हणजे गिझर नेहमी बिलातला महाग टप्पा खातो. म्हणून वाचलेला युनिटही महाग टप्प्यातलाच असतो. भिवंडीत २००७ पासून आणि मालेगावात २०२० पासून वीज वाटपाचे काम खासगी फ्रँचायझीकडे आहे, तरी दर वीज नियामक आयोगाने ठरविलेलेच लागतात. आपले बिल काढा, आपला शेवटचा युनिट कोणत्या टप्प्यात पडतो ते पाहा, त्यात वहन आकार मिळवा आणि त्याच दराने बचत मोजा.

एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. काही घरांत लूमच्या मीटरवरून घरचा गिझर चालवितात, कारण यंत्रमागाचा दर सवलतीचा असतो. असे करू नये. २००३ च्या वीज कायद्यातील कलम १२६ प्रमाणे हा अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. चार पैसे वाचविण्याच्या नादात लूमची जोडणी अडचणीत येते.

सोलर कोणाला परवडतो

वरच्या कुटुंबाला शेवटचा युनिट ११ रुपयांना पडतो असे समजा. १२०० युनिटांचे १३,२०० रुपये झाले. सोलर हे सर्व वाचवीत नाही. पावसाळ्यात ढग असतात आणि हिवाळ्यातही काही दिवस ऊन कमी मिळते. हिवाळ्यातले ६४० आणि पावसाळ्यातले १६०, असे ८०० युनिट वाचले तरी पुष्कळ. म्हणजे ८,८०० रुपये. २०० लिटरची टाकी फिटिंगसह ४० हजारांना पडली तर साडेचार वर्षांत पैसे वसूल होतात. टाकी नीट सांभाळली तर त्यानंतरही बरीच वर्षे चालते. हा सौदा चांगला आहे.

आता चार माणसांचे छोटे घर घ्या. रोज चार बादल्या, वर्षाला ४०० युनिट. सर्व बिल पहिल्या १०० युनिटांच्या आत बसते आणि युनिट ६ रुपयांना पडतो असे धरू. सोलरने २७० युनिट वाचले तर वर्षाला १,६२० रुपये होतात. २५ हजारांच्या टाकीचे पैसे निघायला १५ वर्षे लागतील. या घराने कर्ज काढून सोलर घेऊ नये. छोटा, चांगल्या स्टारचा गिझर घ्यावा, आंघोळी लागोपाठ उरकाव्यात आणि काम होताच बटण बंद करावे. वरील भाव समजुतीसाठी धरले आहेत. आपापल्या गावचे भाव आणि आपल्या बिलाचा दर घालून प्रत्येकाने आपला आकडा काढावा.

पहाटेचे पाणी

आपल्या घरांची एक खास अडचण आहे. सूर्य दिवसा पाणी तापवितो आणि आपल्याला पाणी लागते सूर्योदयाच्या आधी. त्यामुळे टाकीने रात्रभर उष्णता धरून ठेवली पाहिजे. टाकीचे दोन पत्रे असतात आणि त्यांच्यामध्ये भरलेला फोम हे काम करतो. हा फोम पातळ असेल तर दुपारी उकळते पाणी आणि पहाटे कोमट, अशी स्थिती होते. संध्याकाळी पाण्याचे तापमान थर्मामीटरने मोजा, रात्री पाणी वापरू नका आणि पहाटे पुन्हा मोजा. १० अंशांपेक्षा जास्त उतार दिसला तर विक्रेत्याला बोलवा.

दुसरी गोष्ट पाइपची. गच्चीवरील टाकीपासून गुसलखान्यापर्यंत २० मीटरचा पाऊण इंची पाइप असेल तर त्यात सुमारे ६ लिटर थंड पाणी उभे असते. वुजूला लागते त्याहून ते जास्त. म्हणजे वुजू संपते, तेव्हा कुठे गरम पाणी नळाला येते. यावर उपाय असा की टाकी गुसलखान्याच्या जवळात जवळ बसवावी, पाइपवर उष्णतारोधक नळी चढवावी आणि सुरुवातीचे थंड पाणी बादलीत धरून कपडे-भांड्यांना वापरावे. ते गटारात सोडणे हा इस्राफ आहे. आणखी एक लक्षात ठेवा. संध्याकाळी जितके गरम पाणी काढाल, तितके थंड पाणी टाकीत शिरते आणि रात्री ते तापविणारा सूर्य नसतो. म्हणून पहाटेचा हिस्सा राखून वापरा.

टाकी किती मोठी हवी तेही मोजता येते. टाकीतले पाणी ६० अंशांचे असेल तर निम्मे गरम आणि निम्मे थंड मिसळून एक बादली होते. म्हणजे १२ बादल्यांना १२० लिटर. हिवाळ्यात पाणी इतके तापत नाही, तेव्हा दीडशेच्या वर लागते. आठ माणसांना २०० लिटर पुरतात. ३०० ची टाकी गळ्यात मारणाऱ्याला हा हिशेब दाखवा.

रीड-पिक पाहून माल घ्या

कापड घेताना आपण रीड, पिक आणि वजन पाहतो, मग टाकी घेताना नुसते लिटर पाहून कसे चालेल? २०० लिटर म्हणजे टाकीची मापे झाली. पाणी तापविते ते तिला जोडलेले पॅनेल. तांब्याच्या नळ्यांच्या सपाट पॅनेलमध्ये १०० लिटरमागे साधारण २ चौरस मीटर पॅनेल हवे. काचेच्या नळ्यांच्या प्रकारात नळ्यांची संख्या, लांबी आणि जाडी बिलावर लिहून घ्या. नळ्या कमी लावून भाव पाडलेला माल बाजारात असतो.

आपल्याकडे बोअरवेलचे पाणी जड असते. तांब्याच्या बारीक नळ्यांत क्षार बसून त्या तुंबतात. असे पाणी असेल तर हीट एक्स्चेंजर असलेले पॅनेल किंवा काचेच्या नळ्यांचा प्रकार घ्यावा. टाकी आतून कशाची आहे, जड पाण्याला हमी लागू आहे का, वर्षातून एकदा साफसफाई कोण करणार, हे लेखी घ्या. थंड पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंचावर हवी. पॅनेलचे तोंड दक्षिणेला हवे आणि सकाळी ९ ते ३ त्यावर सावली पडू नये. २०० लिटरची भरलेली टाकी पॅनेल आणि स्टँडसह दोनशे किलोच्या बरीच वर जाते. पत्र्याच्या छतावर ती ठेवता येत नाही. भिंतींवर किंवा खांबांवर टेकणारा वेगळा लोखंडी स्टँड लागतो. त्याचा खर्च आधीच धरावा.

अनुदानाबद्दलही गैरसमज आहेत. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान ठरले, ते वीज तयार करणाऱ्या पॅनेलला. पाणी तापविणाऱ्या टाकीला ते मिळत नाही. दोन्हींना लोक सोलरच म्हणतात आणि काही विक्रेते त्याचा फायदा घेतात. सोलर वॉटर हीटरवरील जीएसटी मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. बिल घेताना तो तपासा.

हीट पंप म्हणजे काय

फ्रिजच्या पाठीला हात लावला तर गरम लागते. फ्रिज आतली उष्णता ओढून बाहेर टाकतो. हीट पंप हेच काम उलट्या बाजूने करतो. हवेतली उष्णता ओढून ती पाण्याला देतो. वीज फक्त कॉम्प्रेसर आणि पंखा चालवायला लागते. म्हणून एका युनिटमध्ये सुमारे तीन युनिटांएवढी उष्णता मिळते. आपल्या कुटुंबाचे १२०० युनिट ४०० वर येतील आणि ८०० वाचतील. बचत सोलरइतकीच झाली, पण गच्ची लागत नाही आणि ढगाळ दिवशीही पाणी मिळते.

अडचण किमतीची आहे. असे घरगुती यंत्र एक लाखाला पडले तर ८,८०० च्या बचतीने पैसे निघायला ११ वर्षे लागतात. म्हणून साध्या घराला आज ते जड जाते. गच्ची नसलेल्या मोठ्या कुटुंबाने त्याचा विचार करावा. मुसाफिरखाना, वसतिगृह, दवाखाना अशा ठिकाणी तर जरूर करावा. तिथे रोज ५० बादल्या लागत असतील, तर वर्षातील ३०० दिवसांचे ७,५०० युनिट होतात आणि त्यातले ५,००० वाचतात. ११ रुपयांनी ते ५५ हजार होतात. यंत्र मोकळ्या हवेत बसवावे आणि पहाटेऐवजी दुपारी चालवावे. दुपारी हवा गरम असते, त्यामुळे वीज आणखी कमी लागते. छतावर विजेचे पॅनेल असेल तर दुपारची वीज घरचीच वापरली जाते.

रॉड आणि गॅस

स्वस्त म्हणून रॉड वापरणाऱ्यांनी जिवाची किंमतही हिशेबात धरावी. रॉड चालू असताना पाण्यात हात घालू नये आणि घरात अर्थिंग व ईएलसीबी असल्याशिवाय तो वापरू नये. गॅस गिझर बंद गुसलखान्यात कधीही नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध होतो. तो बाहेरच्या भिंतीवर लावावा. वरच्या कुटुंबाला गॅस गिझरवर जवळजवळ महिन्याला एक सिलिंडर लागतो, तेही ध्यानात घ्यावे. बंबाच्या लाकडाचे पैसे कमी असतील, पण त्या धुराची किंमत घरच्या बाईचे डोळे आणि छाती देतात.

कारागिरांसाठी काम

या धंद्यात आपल्या कारागिरांना जागा आहे. स्टँड बनविणारा वेल्डर, उष्णतारोधक पाइप टाकणारा प्लंबर आणि क्षार साफ करून नळ्या बदलणारा मिस्त्री, या तिघांची गरज प्रत्येक गल्लीत आहे. टाक्या विकणारे पुष्कळ आहेत, दोन वर्षांनी फोन उचलणारे थोडे. हीट पंपात कॉम्प्रेसर आणि गॅस तेच असतात, त्यामुळे फ्रिज-एसीच्या मेकॅनिकला तो थोड्या शिकवणीने दुरुस्त करता येईल. मंदीत लूम बंद पडतो तेव्हा असे हुन्नर घर चालविते.

सोलरच्या दुकानात पाऊल ठेवण्यापूर्वी एवढे करा. गेल्या हिवाळ्यातले विजेचे बिल काढा, घरात रोज किती बादल्या लागतात ते आठ दिवस मोजा आणि गच्चीवर दुपारपर्यंत सावली कुठे पडते ते पाहा. बादल्यांचा आकडा घरातल्या बाईलाच विचारा, कारण तो तिलाच ठाऊक असतो. हे तीन आकडे हाती असतील तर विक्रेता फसवू शकणार नाही.