यादीत नाव नसलेले लेकरू



पाऊस जरा उघडला, शाळेच्या पटांगणातला चिखल वाळला, की आपल्या परभणी जिल्ह्यात मैदानी खेळांचे दिवस सुरू होतात. जिंतूर-सेलूपासून गंगाखेड-पालमपर्यंत गावोगावी कबड्डीची आणि खो-खोची मैदाने आखली जातात. शालेय स्पर्धांचे गट वयावर ठरतात. १४ वर्षांखालील, १७ वर्षांखालील आणि १९ वर्षांखालील असे ते गट. आधी तालुका, मग जिल्हा, पुढे विभाग आणि राज्य अशी ही चढण आहे. कबड्डीच्या संघात बारा जण घेतात आणि प्रत्यक्ष मैदानात सातच उतरतात. म्हणजे चढण जसजशी वर जाते, तसतशी जागा अरुंद होत जाते. ज्यांची नावे आली त्यांच्या घरी पेढे वाटले जातात. आजचे हे बोलणे मात्र ज्यांचे नाव आले नाही, त्यांच्या घराविषयी आहे.

कोणी म्हणेल, खेळच तो. त्यात एवढे काय? पण त्या लेकराचे नेमके काय गेले, ते पाहिले पाहिजे. पहाटेचा सराव गेला. ज्यांच्याबरोबर दोन वर्षे घाम गाळला, ते सवंगडी गाडीत बसून जिल्ह्याच्या गावी निघाले आणि आपण फाट्यावर उभे राहिलो. गावात ‘चढाईवाला’ म्हणून ओळख होती, तीही डळमळली. दहावी-बारावीला खेळाडूंना वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात, हे घरातल्या मोठ्यांनी ऐकलेले असते. त्या आशेलाही धक्का बसतो. मुलगी असेल तर याहून मोठी गोष्ट पणाला लागते. तिला मैदानावर जायची परवानगी पुष्कळदा संघातल्या जागेच्या जोरावरच मिळालेली असते. नाव गळाले, की घरात कोणीतरी म्हणते, “झालं ना आता? पुरे कर. घरात लक्ष घाल.” संघ एका वर्षापुरता हुकलेला असतो, आणि खेळ मात्र जन्माचा सुटतो. म्हणून या दिवशी घरातली आणि शाळेतली मोठी माणसे काय बोलतात, याला फार किंमत आहे.

आपल्या तोंडून त्या दिवशी सहसा तीन प्रकारची वाक्ये निघतात. पहिले, “जाऊ दे रे, एवढं काय त्यात!” हे प्रेमानेच म्हटलेले असते. पण लेकराला त्यातून एवढेच कळते, की माझे दुःख यांना दिसत नाही. दुसरे, “निवड करणाऱ्यांनी आपली माणसं घुसवली.” हे कधी खरे असते, कधी नसते. शहानिशा न करता ते बोलले, तर पोर सरावाऐवजी कुरकुर शिकते. तिसरे, “मी तुला आधीच सांगितलं होतं, अभ्यास कर म्हणून.” हे तर जखमेवर मीठ चोळणे झाले.

मग करावे काय? आपल्या काळ्या जमिनीचा स्वभाव आपणांस ठाऊक आहे. मोठा पाऊस झाल्यावर दुसऱ्याच दिवशी कोणी औत घेऊन शेतात शिरत नाही. शिरलाच तर माती तुडवली जाते, ढेकळे होतात. वापसा येईपर्यंत थांबावे लागते. मुलाच्या मनाचेही तसेच आहे. पहिले दोन-तीन दिवस उपदेश नको, चौकशी नको, पुढच्या वर्षाचे बेतही नकोत. “तुझं नाव आलं नाही. तुला वाईट वाटतंय, आणि ते साहजिक आहे,” एवढे सांगून जवळ बसावे. रडू आले तर रडू द्यावे. मुलग्यालाही रडू द्यावे. जेवायला बसवावे आणि नेहमीची कामे नेहमीसारखी सांगावीत. घरात आपली जागा आहे तशीच आहे, हे त्याला अशा साध्या गोष्टींतून उमगते.

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी दोन शब्द. यादी फळ्यावर लावायची आणि मुलांनी घोळक्याने जाऊन आपापले नाव शोधायचे, ही रीत सोपी आहे खरी. पण नाव नसलेल्या मुलाला चारचौघांत तोंड लपवायला जागा उरत नाही. यादी लागण्यापूर्वी त्याला बाजूला बोलावून पाच मिनिटे द्यावीत. कारण स्पष्ट सांगावे आणि ते खेळाविषयीचे असावे, मुलाविषयीचे नसावे. “तू कमी पडलास” या वाक्यातून त्याच्या हाती काही लागत नाही. “तुझी चढाई वेगवान आहे, पण परत फिरताना मध्यरेषेकडे नजर नसते, त्यामुळे तू पकडीत सापडतोस,” किंवा “खांबाजवळ सूर मारताना तुझा तोल जातो,” असे सांगितले, तर उद्याच्या सरावाला विषय मिळतो. दोष एकच सांगावा, दोन सांगू नयेत. आणि ‘पुढच्या वर्षी तुला नक्की घेतो’ असे वचन कधीही देऊ नये. ते आपल्या हातात नसते, आणि दुसऱ्यांदा मोडलेला शब्द पहिल्या नकारापेक्षा जास्त लागतो.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी आणि पालकांनी मिळून समजून घ्यावी. वयोगटासाठी एक तारीख ठरलेली असते. त्यामुळे एकाच गटात एक मूल दुसऱ्यापेक्षा अकरा महिन्यांनी मोठे असू शकते. तेराव्या-चौदाव्या वर्षी अकरा महिने म्हणजे उंचीत, ताकदीत, धावण्यात केवढा तरी फरक. शिवाय सगळ्यांची वाढ एकाच वेळी होत नाही. मुलींची उंची मुलांच्या साधारण दोन वर्षे आधी झपाट्याने वाढू लागते. आणि मुलांतही एखादा तेराव्या वर्षीच ताडमाड होतो, तर एखादा सोळाव्या वर्षी उंच होऊ लागतो. देशोदेशीच्या खेळांच्या अभ्यासकांना असे दिसून आले आहे, की लहान वयोगटांच्या निवडीत वर्षाच्या आरंभी जन्मलेली मुले जास्त निवडली जातात. त्यात गुणांइतकाच वाटा लवकर झालेल्या वाढीचा असतो. म्हणून चौदाव्या वर्षी नाकारलेले मूल नालायक ठरत नाही. पुष्कळदा त्याचे पीक फक्त उशिराचे असते.

शेजारच्या बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावच्या अविनाश साबळे यांचे उदाहरण घ्या. बारावीनंतर ते सैन्यात गेले, महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले, सियाचीनच्या बर्फातही राहून आले. शर्यतींकडे ते वळले ते वयाच्या विशीनंतर, सैन्यातच. आणि अडथळ्यांची ३,००० मीटर शर्यत त्यांनी २०१७ च्या सुमारास हाती घेतली. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक आणि २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक त्यांनी मिळवले. खुद्द आपल्या परभणीच्या ज्योती गवते २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आल्या. सांघिक खेळात जागा मिळत नसेल, तर धावणे, फेकणे, उड्या मारणे हेही खेळच आहेत. तिथे घड्याळ आणि फीत निकाल देतात.

आता अन्यायाचा प्रश्न. निवड खरोखरच चुकीची झाली असेल, तर गप्प बसावे काय? नाही. पण दाद कशी मागावी, हे कराड तालुक्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांकडून शिकावे. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले होते. १९५२ साली हेलसिंकीसाठी निवड होताना त्यांचे नाव डावलले गेले. त्यांनी आदळआपट केली नाही आणि तालीमही सोडली नाही. पतियाळाच्या महाराजांकडे त्यांनी दाद मागितली, फेरलढत मागून घेतली आणि ती जिंकली. पुढे प्रवासाच्या पैशांची अडचण आली. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी हेलसिंकीहून कुस्तीचे कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. तक्रार करायची ती योग्य माणसाकडे, पुराव्यासह, आणि मोठ्यांनी मुलाच्या पाठीशी उभे राहून. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत सराव मात्र एक दिवसही चुकवायचा नाही. कारण फेरलढत मिळालीच, तर ती खेळावी लागते.

धीर द्यायला फार मोठे काही लागत नाही. १९८७ साली मुंबईतल्या एका चौदा वर्षांच्या मुलाला क्रिकेट संघटनेचा उत्कृष्ट कनिष्ठ खेळाडूचा पुरस्कार मिळाला नाही, म्हणून तो हिरमुसला. सुनील गावसकरांनी त्याला पत्र लिहिले. हा पुरस्कार न मिळालेल्यांच्या यादीत आपलेही नाव आहे, अशा अर्थाची आठवण त्यांनी त्यात करून दिली. तो मुलगा म्हणजे सचिन तेंडुलकर. जाणत्या माणसाने लिहिलेल्या चार ओळी लेकरू वर्षानुवर्षे जपून ठेवते. आपल्या गावातल्या जुन्या खेळाडूंनी, वस्तादांनी अशा चार शब्दांचा कंजूसपणा करू नये.

आधार म्हणजे प्रत्येक वेळी बोलणेच असते असे नाही. मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जला २०२२ च्या महिला क्रिकेट विश्वचषकाच्या संघातून वगळले होते. २०२५ च्या विश्वचषकात ती संघात होती, पण इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात तिला बाहेर बसवले. त्यानंतर अकराच दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात तिने नाबाद १२७ धावा काढून भारताला अंतिम फेरीत नेले. सामन्यानंतर तिने मोकळेपणाने सांगितले, की त्या दिवसांत मन फार बेचैन होते, आईला फोन करून आपण रडत होतो, आणि संघातल्या मैत्रिणी नुसत्या जवळ असल्या तरी बळ येत होते.

पण श्रोतेहो, एक सावधगिरी बाळगली पाहिजे. अशा मोठ्या नावांच्या गोष्टी सांगून ‘तूही असाच होशील’ असे मुलाला म्हणू नये. बहुतेक मुले होणार नाहीत, आणि ते मुलांनाही कळते. म्हणून त्या २०२५ च्या संघाचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार यांची गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. १९८८ साली शालेय सामन्यात सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी केली, तेव्हा त्यांच्यामागून खेळायला जायचे म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा तो हाच. पुढे प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये त्याने ११,१६७ धावा केल्या, ३० शतके ठोकली. पण भारताच्या संघात त्याचे नाव कधीच आले नाही. एकदाही नाही. तरी त्याने खेळाशी नाते तोडले नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांना घडवणारा माणूस तोच होता. आपल्या गावात अशी माणसे नसतात काय? पंच होतात, गुणलेखक होतात, संध्याकाळी लहान पोरांना पकड शिकवतात. शाळेनेही नाव न आलेल्या मुलाला मैदानावर काम द्यावे. मात्र ते पाण्याचा हंडा उचलण्यापुरते नसावे. धाकट्या गटाला शिकवण्याचे असावे, म्हणजे त्याची विद्या वाया जात नाही आणि मानही राहतो.

आठवडाभराने, मन जरा स्थिर झाले, की लेकराला एकच प्रश्न विचारावा : “तुला अजून खेळायचं आहे का?” उत्तर ‘हो’ असेल, तर शिक्षकांनी सांगितलेला तो एक दोष घेऊन महिनाभराचे काम ठरवावे आणि एका वहीत रोजचा हिशेब लिहावा. उत्तर ‘नाही’ असेल, तर तेही मानावे. खेळ सोडण्यात कमीपणा नाही. निर्णय त्याचा असावा, घराच्या रागाचा नसावा, एवढेच पाहायचे. मुलीच्या बाबतीत तर हा प्रश्न आवर्जून विचारावा, कारण तिला तो सहसा कोणी विचारतच नाही.

बहुतेक मुले दोन-तीन आठवड्यांत सावरतात. पण जेवण तुटले, झोप उडाली, शाळा बंद पडली, मूल कोणाशीच बोलेना आणि असे दोन आठवडे चालले, तर जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांना दाखवावे. ‘मला जगायचंच नाही’ असे शब्द तोंडून निघाले, तर ते नाटक समजू नये. त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी. घरातले कीटकनाशक कुलपात ठेवावे. सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस, विनामूल्य चालू असतो. त्यावर आपल्या भाषेत बोलता येते.

यंदा तालुक्याची यादी लागेल, तेव्हा निवडलेल्यांचे कौतुक अवश्य करा. पण त्याच संध्याकाळी जे पोर मैदानाच्या कडेने मान खाली घालून घरी निघाले असेल, त्याच्याबरोबर चार पावले चाला. उद्या सरावाला किती वाजता यायचे, तेवढे सांगा.