कॅम्पर व्हॅनचं ऑनिंग: बसवायचं कसं, वापरायचं कसं आणि गुंडाळायचं कधी



या आठवड्याच्या व्हिडिओत एका ट्रॅव्हलरवर ऑनिंग बसवताना तुम्ही पाहिलंत. व्हिडिओ बारा मिनिटांचा, त्यामुळे बऱ्याच गोष्टी राहून गेल्या. त्या इथे सविस्तर लिहितेय. एक गोष्ट कॅमेऱ्यासमोर सांगायचा धीर झाला नाही, तीही लिहितेय.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. बीबीए झाल्यावर मी वडिलांच्या ताडपत्रीच्या दुकानात बसले. आधी ताडपत्री, मग दुकानांच्या पुढची शेड, मग फूड व्हॅन आणि आता कॅम्पर व्हॅन. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, तेव्हापासून आमच्या सातारा भागातही ट्रॅव्हलर घेऊन आत पलंग, ओटा करून गाडी भाड्याने देणारे तरुण दिसायला लागले. त्यातला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, "ताई, ऑनिंग केवढ्याला?"

किमतीचं नंतर बघू. आधी जोराचा हिशोब करू.

ऑनिंग म्हणजे छप्पर नाही, शीड आहे

तीन मीटर लांब आणि अडीच मीटर बाहेर येणारं ऑनिंग उघडलं की साडेसात चौरस मीटर कापड ताणलं जातं. त्यावर वारा सरळ लागला तर जोर किती पडतो?

- ताशी २० किमी वारा: साधारण १४-१५ किलो
- ताशी ४० किमी वारा: साधारण ५८ किलो
- ताशी ६० किमी वारा: साधारण १३० किलो

लक्षात आलं का? वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ६० च्या झोतात दोन माणसांच्या वजनाएवढा जोर त्या कापडाला वर उचलतो, आणि तो सगळा जोर जाऊन बसतो गाडीला मारलेल्या बोल्टांवर. म्हणून ऑनिंग कितीही भारी कंपनीचं घ्या, ते टिकतं पाठीमागच्या पत्र्याच्या आणि फ्रेमच्या जिवावर.

माझी चूक

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. एका तरुणाची ट्रॅव्हलर होती, शनिवारचं बुकिंग होतं आणि गाडी माझ्याकडे आली शुक्रवारी सकाळी. आमचे मिस्त्री म्हणाले, "आतलं पॅनेल उघडून मागे पट्टी टाकावी लागेल, एक दिवस जास्त जाईल." ग्राहक म्हणाला, "ताई, बुकिंग जाईल हो." मी म्हटलं, सेल्फ स्क्रूवर भागवू, आल्यावर पक्कं करू. मजुरीचे पंधराशे रुपयेही वाचले.

गाडी गेली तापोळ्याला, शिवसागर जलाशयाच्या काठी. दुपारी ऊन रणरणत होतं. घरचे बोटिंगला गेले, आजी ऑनिंगखाली खुर्ची टाकून बसल्या. चारच्या सुमारास वळवाचा वारा सुटला. ऑनिंग एका झटक्यात वर उचललं गेलं, स्क्रू एकामागून एक पत्र्यातून निघाले, सगळं टपावर उलटलं आणि जाता जाता त्याचा पाय आजींच्या खांद्याला लागला. गळ्याजवळचं हाड मोडलं.

दवाखाना, नवीन ऑनिंग आणि फाटलेला पत्रा मिळून मी अडुसष्ट हजार भरले. पैशांचं दुःख नाही. भेटायला गेले तेव्हा आजी म्हणाल्या, "अगं, वारा येणार हे मला कळत होतं गं. आभाळ बघूनच कळतं. पण ते छत उडतं, हे मला कोणी सांगितलंच नाही."

या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्क्रूची चूक मी मान्य केली होती. पण वापरणाऱ्याला काही सांगायचं असतं, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. आजी आता बऱ्या आहेत. तो ग्राहक मात्र परत आला नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

बसवायची पद्धत

१. बाजू: आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते, प्रवाशांचा दरवाजाही डावीकडे. म्हणून ऑनिंग डावीकडे. दरवाजा पूर्ण उघडतो ना, सायलेन्सरचा धूर त्याच बाजूला येत नाही ना, हे आधी बघा.

२. फ्रेम शोधा: गाडीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असतो. त्यात नुसता स्क्रू किंवा रिपिट म्हणजे पापडात खिळा. आतलं पॅनेल उघडा, उभ्या-आडव्या फ्रेमच्या जागांवर खुणा करा. तिथून वायर किंवा एसीचा पाइप जातोय का, ते बघा. टप फायबरचा असेल तर नुसत्या फायबरवर अजिबात नाही.

३. ब्रॅकेट: तीन मीटरच्या ऑनिंगला कमीत कमी तीन. कंपनीने जास्त सांगितले असतील तर तेवढे.

४. आरपार बोल्ट: ८ मिलिमीटरचे स्टेनलेस बोल्ट, आतून जाड लोखंडी पट्टी, त्यावर वायसर आणि नायलॉनवाला नट, म्हणजे गाडीच्या हादऱ्याने सैल होत नाही. पट्टीमुळे जोर एका भोकावर न येता पसरतो.

५. गंज: भोक पाडलं की उघड्या कडेला लगेच प्रायमर. वर पीयू सीलंट. आंबट वासाचं स्वस्त सिलिकॉन नको, त्यातलं आम्ल पत्रा खातं. गाडी कोकणात जाणार असेल तर ॲल्युमिनियम आणि स्टेनलेसच्या मध्ये नायलॉनचा वायसर घाला. खाऱ्या हवेत हे दोन धातू एकमेकांना चिकटून असले की ॲल्युमिनियम झिजतं.

६. उचलताना तिघं: पेटीसकट वजन वीस-पंचवीस किलो भरतं. दोघांनी पकडायचं, तिसऱ्याने बोल्ट लावायचा. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे.

आणखी एक. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसी बुकातल्या नोंदीपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल परस्पर करता येत नाही. ऑनिंगने गाडीची रुंदी वाढते. म्हणून आधी आरटीओत आणि विमा एजंटकडे विचारून घ्या, मग भोक पाडा.

वापरायची पद्धत

हँडल फिरवून साधारण एक मीटर बाहेर काढा, थांबा, पुढच्या दांडीतले दोन्ही पाय खाली सोडा, मग बाकीचं उघडा. सगळं बाहेर काढून मग पाय शोधत बसलात तर सगळा भार हातांवर, म्हणजे ऑनिंगच्या दोन्ही बाह्यांवर येतो.

पावसात एक पाय दुसऱ्यापेक्षा कमी उंचीवर ठेवा. एक चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाणी साचलं तर दहा किलो होतं. कापडाला पोट सुटलं की पन्नास-साठ किलो कधी झाले ते कळतही नाही.

मातीत खुंट्या ठोकून दोऱ्या ताणा. वाळूत खुंटी धरत नाही, तिथे पाण्याचे वीस लिटरचे कॅन भरून पायांना बांधा. पण कॅन बांधले म्हणून निर्धास्त राहू नका, वरचे आकडे आठवा.

गॅसची शेगडी ऑनिंगखाली पेटवायची नाही. ओलं कापड गुंडाळावं लागलं तर दुसऱ्या दिवशी उघडून वाळवा, नाहीतर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा.

गुंडाळायचं कधी?

वाऱ्याचं यंत्र लागत नाही. जमिनीवरची धूळ आणि कागद उडायला लागले, बारीक फांद्या हलायला लागल्या, म्हणजे वारा ताशी २०-२८ किमी झाला. तेवढ्यातच गुंडाळा. वारा वाढल्यावर गुंडाळणं अवघड होतं, आणि पाय हातांनी धरून ठेवायचा प्रयत्न तर करूच नका. ऑनिंग जाऊ द्या, माणसं बाजूला घ्या.

आणि तीन वेळा काहीही विचार न करता बंद करायचं: झोपताना, गाडी सोडून कुठे जाताना आणि वळवाचे ढग दिसल्यावर.

निघताना एसटीच्या कंडक्टरला आठवा. दरवाजा बघितल्याशिवाय तो डबल बेल देत नाही. तसंच आपणही खाली उतरून बघायचं: पेटी लॉक, हँडल काढून आत, पाय आत. मग गाडी सोडायची. घाटात डाव्या बाजूला कडा आणि फांद्या असतात, आणि ऑनिंगही डावीकडेच आहे, हे ड्रायव्हरला आवर्जून सांगा.

आता धंद्याचं

त्या प्रसंगानंतर मी दुकानात दोन नियम केले. पहिला: फिटिंगला दोन दिवस, घाई असेल तर काम नाही. दुसरा: बिलात "वापर समजावणे" अशी वेगळी ओळ, अर्ध्या तासाची. त्या वेळात ग्राहकाने माझ्यासमोर ऑनिंग तीन वेळा स्वतः उघडून बंद करायचं. गाडी भाड्याची असेल तर दरवाज्याच्या आत मोठ्या अक्षरात मराठी पाटी लावूनच देते. तिची पहिली ओळ आहे: "वारा सुटला की हे छत उडतं. खाली बसू नका."

काही ग्राहक म्हणतात, "ताई, ती ओळ काढा, तेवढे पैसे कमी करा." मी पैसे कमी करते, ओळ काढत नाही. मागच्या मार्चमध्ये एक जण "स्क्रूवरच मारून द्या" म्हणून अडून बसला. मी नाही म्हटलं, तो दुसरीकडे गेला. त्या महिन्यातलं मोठं काम होतं ते. रात्री झोप मात्र लागली.

तुमचा गृहपाठ: तुम्ही जे विकता, ते चुकीचं वापरलं तर कुणाला लागू शकतं? फटाके, कुकर, शिडी, गिझर, काहीही असो. ती एक ओळ मोठ्या अक्षरात लिहा आणि बिलासोबत द्यायला लागा. गाडीचा मालक ती वाचेलच असं नाही. पण खाली सावलीत जो बसणार आहे, त्याच्यापर्यंत ती पोचली पाहिजे.

भेटू पुढच्या व्हिडिओत.