दोन कार्बुरेटर, एक चाल

(कम्युनिटी रेडिओवर झालेलं भाषण)

जात्यावर दोघी बसल्या, एकीनं जोरात ओढलं आणि दुसरीनं नुसता हात लावला तर काय होतं? जातं गचके खातं, पीठ जाडंभरडं पडतं. राजदूत ३५० या मोटारसायकलचंही तसंच आहे.

एस्कॉर्ट्स कंपनीनं ही गाडी १९८३ साली आणली. बुलेटला एक सिलिंडर असतो. हिला दोन, आणि प्रत्येकाला स्वतंत्र कार्बुरेटर. हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला द्यायचं हे कार्बुरेटरचं काम. हौशी लोक या गाड्या अजून जपतात. औंधला आमच्या गॅरेजात अशी एखादी आली की सगळा दिवस तिच्यातच जातो.

आधी साफसफाई. दोन्ही कार्बुरेटर उघडून धुवायचे, जेटची भोकं हवेनं फुंकायची. तार घालायची नाही, भोक मोठं होतं. दोन्हीकडं जेट एकाच नंबरचे आणि फ्लोटची उंची सारखी हवी. इंजिनाला जोडणारं रबर चिरलेलं असेल तर तिथून चोरटी हवा शिरते आणि पुढची मेहनत वाया जाते.

मग हवेचे स्क्रू हलक्या हातानं पूर्ण आत नेऊन दोन्ही सारखेच, साधारण दीड फेरा, बाहेर सोडायचे. रेसच्या केबल थोड्या सैल ठेवून इंजिन गरम करायचं. रबरी नळीचं एक टोक कानाशी, दुसरं कार्बुरेटरच्या तोंडाशी धरायचं. दोन्हीकडून हवा ओढल्याचा आवाज सारखा येईपर्यंत आयडलिंगचे स्क्रू फिरवायचे.

आता इंजिन बंद. दोन्ही तोंडांत एकेक बोट ठेवायचं आणि दुसऱ्या कुणाला तरी मूठ सावकाश पिळायला सांगायची. आतल्या दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या पाहिजेत. एक मागं राहिली तर तिच्या केबलचा ॲडजस्टर फिरवायचा. शेवटी ऑईल पंपाची खूण पुन्हा तपासायची.

एवढा खटाटोप कशासाठी? एका बाजूला पेट्रोल कमी गेलं की तो सिलिंडर जास्त तापतो, पिस्टन फुगून धरतो आणि चालत्या गाडीचं मागचं चाक अडकतं. माझा धाकटा भाऊ पुसेसावळीच्या रस्त्यावर असाच पडला, खांद्याचं हाड मोडलं. मायलेज वाढेल म्हणून कुणीतरी एका बाजूला लहान जेट बसवून दिला होता. वाचलेलं पेट्रोल दवाखान्याच्या बिलापुढं काहीच नव्हतं.

म्हणून जुळणीनंतर थोडं फिरवून प्लग काढून बघा. चहासारखा तांबूस रंग असेल तर ठीक. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी, काळा आणि ओला असेल तर जास्त. तुमच्या घरच्या जुन्या, एका कार्बुरेटरच्या स्कूटीलाही हीच परीक्षा लागू पडते. आणि क्लचच्या गाडीवर असताना आवाज बदलला, गाडी ओढेनाशी झाली, तर लगेच क्लच दाबून बाजूला थांबा.

यंत्र हे बायकांचं काम नाही, असं कुणी म्हणालं तर आपल्याच औंध संस्थानातल्या किर्लोस्करवाडीची आठवण द्या. १९१० साली वसलेल्या, लोखंडी नांगर करणाऱ्या त्या वाडीतूनच १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघालं. जात्याची घरघर ऐकून पीठ कसं पडतंय हे ओळखणाऱ्या आपल्या कानांना इंजिन काही परकं नाही.