म्हसरूळचा अभ्यासक्रम आणि त्र्यंबक रस्त्यावरचा केसपेपर

राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने ३१ ऑगस्ट २०२४ रोजी जाहीर केलेला एमबीबीएसचा अभ्यासक्रम ५ सप्टेंबरला मागे घेतला. 'लेस्बियनिझम'ला अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यांच्या यादीत पुन्हा बसवण्याच्या प्रयत्नावर व्हायची ती टीका झाली आणि प्रकरण मिटल्याचे मानले गेले. तथापि स्वतःच्या लिंगभावाविषयी, म्हणजे आपण स्त्री, पुरुष की आणखी काही आहोत या आंतरिक जाणिवेविषयी, मदत मागणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या दृष्टीने या पाच दिवसांचे महत्त्व दिल्लीपेक्षा नाशिकला अधिक आहे. कारण राज्यातील डॉक्टरांच्या परीक्षा घेणारे आरोग्य विज्ञान विद्यापीठ येथेच, दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला आहे.

कायदा या मुलांच्या बाजूने बराच पुढे गेलेला आहे. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्यान्वये आणि २०२० च्या नियमांनुसार ओळखीचे पहिले प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांनी कोणत्याही वैद्यकीय तपासणीविना द्यावे, मात्र अर्जदार अज्ञान असल्यास अर्ज पालकाने करावा, असे ठरले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर समाजाच्या नैतिक वा सांस्कृतिक धारणांशी न जुळणे हा मनोविकार ठरवण्याचा आधार असू शकत नाही, असे स्पष्टच सांगितले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणातही लिंगविसंगती, म्हणजे अनुभवलेला लिंगभाव आणि जन्मवेळी नोंदवलेले लिंग यांतील सततची तफावत, मनोविकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवलेली आहे.

एवढे होऊनही उपचारांची वाट मनोविकारतज्ज्ञाच्या खोलीतूनच जाते, कारण संप्रेरके वा शस्त्रक्रिया यांच्याआधी मूल्यमापनाचे पत्र लागते. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. नाशिकच्या वाट्याला त्यांपैकी एकही नाही. त्यामुळे सुरुवात त्र्यंबक रस्त्यावरील जिल्हा रुग्णालयात होते आणि तीही केसपेपरच्या खिडकीशी, जिथे नाव आधारकार्डावरचे लिहिले जाते, लिंगाच्या रकान्यात पु. किंवा स्त्री यांपैकी एक उमटते आणि तेच नाव पुढे रांगेत मोठ्याने पुकारले जाते. अज्ञान रुग्णाचे नामनिर्देशित प्रतिनिधी कायद्यानेच पालक असल्याने, ज्या घरात बोलता येत नाही त्याच घराला सोबत घेऊन यावे लागते. १४४१६ हा 'टेलिमानस'चा क्रमांक दिवसरात्र उपलब्ध असून पहिल्या संभाषणासाठी तो उपयुक्त आहे. मूल्यमापनाचे पत्र मात्र दूरध्वनीवर मिळत नाही.

खोलीच्या आत काय घडेल हे तज्ज्ञ काय शिकून आला यावर ठरते, आणि येथे सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यकाचे प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांचे काम आठवणे अगत्याचे आहे. तथाकथित कौमार्य चाचणीला शास्त्रीय आधार नसताना पाठ्यपुस्तके ती पिढ्यान्पिढ्या शिकवत आली, हे त्यांनी अहवालाद्वारे पुराव्यांनिशी मांडले आणि २०१९ मध्ये म्हसरूळच्या विद्यापीठाने तो भाग अभ्यासक्रमातून वगळला. विषय वेगळा असला तरी धडा एकच निघतो: मोर्चा वा निकालाशिवाय, एका चिवट प्राध्यापकाच्या टाचणांमुळेही पुस्तक बदलते. २०२१ च्या मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर आयोगाने ऑगस्ट २०२२ मध्ये 'कन्व्हर्जन थेरपी', म्हणजे समलैंगिकता वा लिंगभाव 'दुरुस्त' करण्याचे तथाकथित उपचार, व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. त्याच आयोगाने दोन वर्षांनी जुनी पाने पुन्हा छापावीत, हे अनवधान मानणे कठीण आहे.

एप्रिल २०२४ मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुलांच्या लिंगभावविषयक सेवांवरील कॅस अहवालाचा दाखला आता येथेही दिला जातो. किशोरवयीनांना दिल्या जाणाऱ्या, पौगंडावस्था लांबणीवर टाकणाऱ्या औषधांमागचा पुरावा क्षीण आहे हा त्याचा निष्कर्ष गांभीर्याने घ्यायलाच हवा. परंतु तोच अहवाल मुलांना सर्वांगीण मूल्यमापन आणि मानसिक आधार वेळेवर मिळावा, असेही सांगतो. तेथील वाद सेवा कशी असावी याविषयीचा आहे. नाशिकमध्ये मात्र अशा मुलांसाठी निश्चित दिवस, निश्चित खोली आणि प्रशिक्षित समुपदेशक नेमण्यापासूनच सुरुवात करावी लागेल, आणि त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.