स्पिरिटेड अवे

स्पिरिटेड अवे (मूळ जपानी नाव: सेन तो चिहिरो नो कामिकाकुशी) हा हायाओ मियाझाकी लिखित व दिग्दर्शित अद्भुतरम्य अ‍ॅनिमेशनपट आहे. स्टुडिओ जिब्लीने निर्मिलेला १२५ मिनिटांचा हा चित्रपट २० जुलै २००१ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झाला. माणूस अकस्मात नाहीसा झाला, तर त्यास देवांनी दडवले अशी जपानी लोकसमजूत आहे. तिला 'कामिकाकुशी' म्हणतात. रानात चकवा लागण्याच्या आपल्याकडील समजुतीशी तिचे काहीसे साम्य आहे. 'सेन आणि चिहिरो यांचे देवांकडून दडवले जाणे' असा मूळ शीर्षकाचा अर्थ होतो. शीर्षकात नावे दोन असली, तरी मुलगी एकच आहे.

कथानक

दहा वर्षांची चिहिरो ओगिनो आई-वडिलांसह नव्या गावी राहावयास निघालेली असते. जुनी शाळा सुटल्यामुळे ती हिरमुसलेली आहे. वाट चुकून हे कुटुंब एका बोगद्यापलीकडील ओसाड वस्तीत शिरते. तेथील निर्मनुष्य खानावळीत देवांसाठी मांडलेले अन्न आई-वडील न विचारता खाऊ लागतात. पैसे नंतर देता येतील, असे वडिलांचे म्हणणे असते. अंधार पडताच दोघांची डुकरे होतात.

ही वस्ती म्हणजे देवदेवता व भूतगणांसाठी चालविलेले एक भव्य स्नानगृह होय. त्याची मालकीण युबाबा ही चेटकीण. जो काम करीत नाही त्याचे येथे जनावर होते, मात्र काम मागणाऱ्यास नकार न देण्याच्या शपथेने युबाबा बांधलेली आहे. हाकू नावाच्या मुलाच्या सल्ल्यावरून चिहिरो चिकाटीने काम मागते आणि ते मिळविते. भट्टी सांभाळणारा सहा हातांचा कामाजी आणि लिन ही कामकरीण तिला आधार देतात.

पुढे काओनाशी हा मुखवटाधारी एकाकी जीव स्नानगृहात शिरतो. त्याने उधळलेल्या सोन्यामागे सारे सेवक धावतात, आणि त्यांपैकी काहींना तो गिळतो. सोने नाकारते ती एकटी चिहिरो. ते सोने पुढे माती ठरते.

नाव आणि जादू

'चिहिरो' हे नाव दोन चित्राक्षरांनी लिहिले जाते. पहिल्याचा अर्थ 'हजार', तर दुसरे खोली मोजण्याचे माप, म्हणजे मराठीतील 'वाव'. करारपत्रावर सही होताच युबाबा त्यावरील बाकीची अक्षरे उचलून घेते. 'हजार' एवढेच उरते आणि त्याचा सुटा उच्चार 'सेन' असा होतो. खोली गेली, आकडा राहिला! ज्यास आपले खरे नाव आठवत नाही, त्यास येथून परतीची वाट नसते. हाकूची हीच गत झालेली आहे. तो वस्तुतः कोहाकु नदीचा देव असून ती नदी बुजवून तेथे इमारती उभ्या राहिल्या आहेत. लहानपणी त्याच नदीत पडल्याचे चिहिरोस स्मरते, तेव्हा हाकूस आपले नाव परत मिळते.

जादूच्या बालकथांत मूल बहुधा एखादी विद्या वा वस्तू मिळवून संकटातून सुटते. येथे चिहिरोस शेवटपर्यंत कोणतीही जादू येत नाही. तिच्या हाती असतो तो फरशी पुसण्याचा फडका. युबाबाची जुळी बहीण झेनिबा स्वतः चेटकीण असूनही तिला हाताने विणलेला केसांचा बंद देते. जादूने केलेली वस्तू उपयोगाची नाही, असे तिचे मत आहे.

चित्रपटातील सर्वांत बोलका प्रसंग दुर्गंधीयुक्त पाहुण्याचा आहे. सगळे नाक धरून दूर पळतात. सेन मात्र त्याच्या अंगात रुतलेला दांडा शोधते. तो ओढताच सायकल आणि तिच्यामागून ढीगभर केरकचरा बाहेर पडतो. पाहुणा एका नदीचा देव निघतो. मियाझाकी यांनी स्वतः एका नदीच्या साफसफाईत भाग घेतला होता व तिच्यातूनही सायकल निघाली होती.

निर्मिती

एका मित्राच्या दहा वर्षांच्या मुलीवरून मियाझाकी यांस ही कल्पना सुचली. त्या वयाच्या मुलींच्या नियतकालिकांत प्रेमकथांखेरीज फारसे काही नाही, असे त्यांना आढळले. म्हणून त्यांनी असामान्य नव्हे, तर चारचौघींसारखी, किंचित रडवी नायिका निवडली. वास्तुचित्रणासाठी कोगानेई येथील एदो-टोकियो खुल्या वास्तुसंग्रहालयाचा उपयोग झाला. चित्रे मुख्यत्वे हाताने काढलेली आहेत. संगीत जो हिसाइशी यांचे आहे. पाण्यावरून धावणाऱ्या आगगाडीच्या दृश्यात संवाद जवळजवळ नाहीत; तेथे या संगीताचे सामर्थ्य विशेष जाणवते.

प्रतिसाद

जपानमध्ये चित्रपटाने ३० अब्ज येनहून अधिक उत्पन्न मिळविले. हा उच्चांक २०२० पर्यंत अबाधित होता. २००२ च्या बर्लिन महोत्सवात त्यास 'ब्लडी संडे' या चित्रपटासह सुवर्ण अस्वल विभागून मिळाले, तर २००३ मध्ये सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचा ऑस्कर प्राप्त झाला. त्या सोहळ्यास मियाझाकी गेले नाहीत; इराकवर बॉम्ब टाकणाऱ्या देशास भेट देण्याची इच्छा नव्हती, असे कारण त्यांनी पुढे २००९ मध्ये सांगितले. २०२२ मध्ये जॉन केर्ड यांनी दिग्दर्शित केलेले या कथेचे नाट्यरूप टोकियोत रंगमंचावर आले.