पहिली प्रोग्रॅमिंग भाषा कोणती शिकावी? सी, पायथन की जावा? नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्यांसाठी सोपं उत्तर

बारावीचा निकाल लागला, बीसीएला किंवा डिप्लोमाला प्रवेश झाला, की नांदेड-लातूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. "दादा, आधी सी शिकू का डायरेक्ट पायथन?"

उत्तरंही ठरलेली असतात. एक जण सांगतो, "सी शिवाय बेसिक पक्कं होत नाही." दुसरा म्हणतो, "सी जुनी झाली, आता स्कोप पायथनला आहे." तिसरा जावाचं नाव घेतो आणि चौथा पुण्यातल्या एखाद्या क्लासची लिंक टाकून मोकळा होतो. विचारणारा मात्र आहे तिथेच राहतो.

पहिली भाषा थोडी इकडेतिकडे झाली म्हणून कुणाचं करिअर बुडत नाही. खरा धोका वेगळाच आहे. पहिल्या दोन महिन्यांत "हे आपल्याला जमणारं नाही" असं एकदा मनात बसलं, की विद्यार्थी विषयच सोडून देतो. मराठी माध्यमातून आलेल्या आणि घरी कॉम्प्युटर नसलेल्या मुलामुलींच्या बाबतीत तर हे फार लवकर होतं. म्हणून पहिली भाषा सोपी असणं महत्त्वाचं. पण सोपी म्हणजे नेमकी कशी?

सोपी भाषा कशी ओळखायची?

हा प्रश्न नवा नाही. १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी 'बेसिक' नावाची भाषा तयार केली. विज्ञान-गणित न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही कॉम्प्युटर वापरता यावा, हा त्यांचा हेतू होता. तेव्हापासून नवशिक्यांसाठी अनेक भाषा आल्या. पारखायच्या गोष्टी मात्र तीनच आहेत.

पहिली, पडद्यावर पहिलं उत्तर दिसायला किती ओळी लिहाव्या लागतात? दुसरी, हातात जे यंत्र आहे त्यावर ती चालते का? तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, चूक झाली तर ती लगेच कळते का?

नवशिक्याच्या चुका होणारच, रोज होणार. चूक कुठे झाली हे भाषेनं स्पष्ट सांगितलं, तर तो शिकतो. भाषा गप्प राहून चुकीचं उत्तर देऊ लागली, तर तो गोंधळतो.

पाण्याच्या रेल्वेचं उदाहरण

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, हे मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. पहिल्या गाडीला १० वॅगन होत्या आणि एका वॅगनमध्ये सुमारे ५० हजार लिटर पाणी होतं. एकूण पाणी किती, हे कॉम्प्युटरकडून काढून घ्यायचं आहे असं समजा.

प्रोग्रॅममध्ये 'एकूण' नावाचा एक डबा ठेवायचा, सुरुवातीला त्यात शून्य. या डब्याला व्हेरिएबल म्हणतात. मग "५० हजार मिळव" हे काम १० वेळा करायला सांगायचं. या पुन्हा पुन्हा करण्याला लूप म्हणतात. शेवटी डब्यात ५ लाख जमा होतात.

आता तिसरी गोष्ट बघा, अट. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा एरवी १२ टक्के असते. "ओलावा १२ किंवा त्यापेक्षा कमी असेल तर माल घ्या, नाहीतर परत पाठवा" हे वाक्य प्रोग्रॅममधल्या अटीसारखंच आहे.

व्हेरिएबल, लूप आणि अट. सी घ्या, जावा घ्या किंवा पायथन घ्या, या तीन गोष्टी सगळीकडे आहेत. पहिल्या भाषेत शिकायचं ते हेच. एका भाषेत हे पक्कं बसलं की दुसरी भाषा शिकताना निम्मं काम आधीच झालेलं असतं.

हेच गणित वेगवेगळ्या भाषांत

सी : डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये ही भाषा तयार केली. ती आजही संपलेली नाही. लिनक्सचा गाभा प्रामुख्यानं सी मध्येच आहे. इतकंच काय, सर्रास वापरला जाणारा पायथनचा मूळ प्रोग्रॅमही सी मध्ये लिहिलेला आहे. त्यामुळे "सी जुनी झाली" हे म्हणणं चूक.

पण नवशिक्यासाठी सी कडक आहे. एक शब्द छापायलाही हेडर फाइल, मेन, महिरपी कंस आणि अर्धविराम एवढं सगळं लागतं. शिवाय सी काही चुका पोटात घालते. अनेक जुन्या कॉम्प्युटर लॅबमध्ये निळ्या पडद्याचा टर्बो सी अजून दिसतो. त्यात साध्या 'इंट' प्रकारात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. एका वॅगनचे ५० हजार लिटर त्यात ठेवले, तर प्रोग्रॅम बंद पडत नाही, तो शांतपणे उणे १५,५३६ असं उत्तर दाखवतो! का, हे जाणकाराला कळतं. पहिल्या आठवड्यातल्या विद्यार्थ्याला वाटतं, आपलंच डोकं चालत नाही.

पायथन : नेदरलँड्सच्या गिडो व्हॅन रॉसम यांनी ही भाषा १९९१ मध्ये लोकांसमोर आणली. त्याआधी ते एबीसी नावाच्या, शिकवण्यासाठीच बनवलेल्या भाषेवर काम करत होते. तो सोपेपणा पायथनमध्ये उतरला. एक शब्द छापायला एक ओळ पुरते. पूर्णांक कितीही मोठा असला तरी डबा लहान पडत नाही. आकडा आणि मजकूर यांची बेरीज करायला गेलात तर पायथन तिथेच थांबतो आणि कितव्या ओळीत चूक आहे ते सांगतो.

पायथनचीही उणी बाजू आहे. तो सी पेक्षा हळू चालतो आणि मेमरी कशी वापरली जाते हे लपवून ठेवतो. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला ते पुढे शिकावंच लागतं.

जावा : १९९५ मध्ये आली, नोकऱ्यांच्या बाजारात आजही आहे. पण पहिली ओळ छापण्याआधीच सहसा क्लास, पब्लिक, स्टॅटिक असे शब्द लिहावे लागतात. त्यांचा अर्थ कळायला काही महिने जातात. दुसरी भाषा म्हणून चांगली.

जावास्क्रिप्ट : जावाशी नाव सोडून फारसा संबंध नाही. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये अवघ्या १० दिवसांत तिचा पहिला नमुना तयार केला. ब्राउझर असला की झालं, वेगळं काही टाकावं लागत नाही. वेबसाइट बनवायची असेल तर हिला पर्याय नाही. पण मजकूर म्हणून लिहिलेल्या ५ मध्ये ३ मिळवले तर ती कुरकुर न करता ५३ उत्तर देते. नवशिक्याला अशी गप्प चूक शोधणं जड जातं.

एचटीएमएल : ही प्रोग्रॅमिंग भाषा नाही. पानावर मथळा कुठे आणि चित्र कुठे हे ती सांगते, हिशोब किंवा अट तिच्यात नसते. तसंच एमएस-सीआयटी झालं म्हणजे प्रोग्रॅमिंग झालं, असंही नाही. ती कॉम्प्युटर वापरण्याची ओळख आहे.

मग तुमच्यासाठी कोणती?

बारावी विज्ञानला बायफोकल कॉम्प्युटर सायन्स घेतलं असेल : हा विषय २०० गुणांचा आणि त्यात वर्षानुवर्षे सी प्लस प्लस आहे. इथे वाद नको, तीच शिका. आपल्या वर्षाचा अभ्यासक्रम मात्र एकदा तपासून घ्या.

पॉलिटेक्निक, बीसीए, बीएस्सी किंवा इंजिनिअरिंगला जात असाल : नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ असो, विष्णुपुरीचं श्री गुरु गोबिंद सिंहजी अभियांत्रिकी संस्थान असो की लातूरचं पूरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन, अशा अभ्यासक्रमांत सी कधी ना कधी समोर येतेच. म्हणून निकाल आणि कॉलेज सुरू होणं यांच्यामधल्या चार-सहा आठवड्यांत पायथनवर व्हेरिएबल, लूप आणि अट पक्की करा. कॉलेज सुरू झालं की सी घ्या. तेव्हा फक्त लिहिण्याची पद्धत नवी वाटेल, विचार ओळखीचा असेल. कॉलेज आधीच सुरू झालं असेल तर दोन भाषा एकदम धरू नका. सी नेटानं करा आणि पायथन सुटीत.

कॉमर्स, कृषी, आर्ट्स किंवा नोकरी करून शिकणारे : सरळ पायथन. परीक्षेचं बंधन नाही, मग सोपी वाट का सोडायची?

शाळेतली मुलं : स्क्रॅच. अमेरिकेच्या एमआयटीनं २००७ मध्ये आणलेलं हे मोफत साधन आहे. रंगीत ठोकळे एकमेकांत बसवून प्रोग्रॅम होतो, त्यामुळे स्पेलिंगची चूक होतच नाही. हे फक्त लहान मुलांचं काम समजू नका. हार्वर्ड विद्यापीठाच्या सीएस ५० या प्रसिद्ध कोर्सचीही सुरुवात स्क्रॅचनं होते, नंतर सी आणि मग पायथन येतो.

लॅपटॉप नाही, इंग्रजी कच्चं. काय करायचं?

लॅपटॉपसाठी लगेच कर्ज काढायची गरज नाही. अँड्रॉइड मोबाईलवर पायड्रॉइड ३ हे ॲप टाकलं की पायथन नेटशिवायही चालतो. नेट असेल तर ब्राउझरमधून गूगल कोलॅब वापरता येतं. पहिले दोन महिने एवढ्यावर आरामात निघतात.

मोबाईलवर दोन गोष्टी सांभाळा. व्हॉट्सॲपवर आलेला कोड कॉपी केला तर त्यातली अवतरण चिन्हं कधीकधी वाकडी होतात आणि पायथन ती मानत नाही, ती पुन्हा हातानं टाका. दुसरं, पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेलाही अर्थ असतो, ती इकडेतिकडे करू नका.

इंग्रजीची भीतीही गरजेपेक्षा मोठी आहे. पायथनमध्ये राखीव शब्द ३५च्या आसपास आहेत, मूळ सी मध्ये ३२. एवढे शब्द आठवडाभरात ओळखीचे होतात. पायथन ३ मध्ये तर डब्यांना देवनागरीत नाव देता येतं. 'एकूण' किंवा 'ओलावा' असं लिहिलं तरी प्रोग्रॅम चालतो. वापरणाऱ्यानं टाइप केलेला ४२ हा देवनागरी आकडाही पायथन संख्येत बदलून घेतो. नोकरीत नावं इंग्रजीतच लागतात, पण सुरुवातीला विचार आपल्या भाषेत व्हायला हरकत नाही.

शिकायला पैसेही लागतातच असं नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मोफत आहेत आणि त्यातले अनेक मराठीतही ऐकता येतात. यूट्यूबवर शिकत असाल तर धडा पायथन ३ चा आहे ना, हे बघा. पायथन २ चा सांभाळ १ जानेवारी २०२० पासून बंद झाला आहे.

क्लासला पैसे भरण्याआधी

क्लास लावायचाच असेल तर तीन प्रश्न विचारा. विद्यार्थी स्वतः कोड लिहितात की फळ्यावरून उतरवून घेतात? चूक झाली तर कोण बघतं? एका महिन्यानंतर विद्यार्थ्याला स्वतःचं काय बनवता येईल? तीन महिन्यांत पाच भाषा शिकवू म्हणणाऱ्यापेक्षा एक नीट शिकवणारा बरा.

लातूर पॅटर्न इथे चालतो का?

अर्धा चालतो. रोज ठरल्या वेळी बसणं, सतत चाचण्या देणं आणि चुकलेला प्रश्न पुन्हा सोडवणं ही लातूर पॅटर्नची ताकद आहे. प्रोग्रॅमिंगला तीच सवय लागते. पण जर्नलमधले प्रोग्रॅम पाठ करून प्रॅक्टिकलला उतरवणं इथे उपयोगाचं नाही. प्रश्नातला एक आकडा बदलला की पाठ केलेलं सगळं कोसळतं.

त्याऐवजी साधी रीत ठेवा. रोज एक तास, एक लहान प्रोग्रॅम. तो चालला की मुद्दाम मोडा. एक कंस काढा, १० च्या जागी शून्य टाका आणि काय होतं ते बघा. आलेली चूक आणि तिचा उपाय वहीत एका ओळीत मराठीत लिहा. महिन्याभरानं ती वही कुठल्याही नोट्सपेक्षा जास्त कामाची ठरेल.

आणि एकदा भाषा निवडली की किमान सहा महिने ती बदलू नका. ग्रुपवर दर आठवड्याला नव्या भाषेचा 'स्कोप' निघत राहील. पण कॉलेजात, मुलाखतीत किंवा नोकरीत पुढे जातो तो चार भाषांची नावं सांगणारा नव्हे. एखादी अडचण समोर आली की ती व्हेरिएबल, लूप आणि अटीत मांडता येणारा पुढे जातो, आणि ते एका भाषेतही शिकता येतं.