सामायिकातील पेंग आणि मेंदूतील हिस्टामिन

सामायिकाच्या 48 मिनिटांत घरातील ज्येष्ठांना पेंग आली की तो प्रमाद मानला जातो. पाच प्रमादांत निद्रेची गणना आहेच. तथापि, सर्दीसाठी घेतलेली गोळीही त्याला कारणीभूत असू शकते.

हिस्टामिन म्हटले की शिंका, खाज आणि अंगावरील गांधी आठवतात. परंतु हेच द्रव्य मेंदूला जागे ठेवते. रक्तातील हिस्टामिन मेंदूत सहसा शिरत नाही. रक्त आणि मेंदू यांमधील रोध त्याला अडवतो. डाळी, दूध यांतील प्रथिनांतून मिळणारे हिस्टिडिन हे अमिनो आम्ल मात्र आत पोहोचते आणि एका विकराच्या साहाय्याने तेथेच त्याचे हिस्टामिन होते. हे कार्य मुख्यतः हायपोथॅलॅमसच्या मागील भागातील चेतापेशींचा छोटा पुंजका करतो. माणसात या पेशी सुमारे 64 हजार. त्यांचे तंतू मात्र मेंदूभर पसरलेले. जागेपणी त्या कार्यरत असतात, झोपेत शांत होतात.

क्लोरफेनिरामिनसारखी जुनी औषधे तो रोध ओलांडून हिस्टामिनचा संदेश रोखतात. म्हणूनच गुंगी येते. फेक्सोफेनाडिन मेंदूत फारच कमी पोहोचते. वृद्धांना जुन्या गोळ्यांमुळे भ्रम होणे, लघवी तुंबणे, तोल जाऊन पडणे संभवते. झोपेसाठी त्या नित्य घेणे हितावह नव्हे.

ज्येष्ठांना दोष देण्यापूर्वी त्यांच्या औषधांचे पाकीट पाहावे आणि गोळी बदलण्याविषयी डॉक्टरांना विचारावे.